इतिहास बडनेऱ्याला गाडी बदलतो

मराठीत सर्वांत जास्त वाचला जाणारा साहित्यप्रकार कोणता, असा प्रश्न निघाला की विद्वान मंडळी कादंबरीपासून सुरुवात करतात आणि भांडत भांडत पाककृतींच्या पुस्तकांपर्यंत येतात. माझे मत निराळे आहे. मराठी माणूस सर्वांत जास्त जर काही वाचत असेल, आणि तेही उभ्याउभ्या, फुकट, हातात दुधाची पिशवी धरून, तर तो दिनविशेष. आजच्या तारखेला कोण जन्मले, कोण वारले आणि जगात काय उलथापालथ झाली, हे चार-पाच ओळींत सांगणारे हे वाङ्मय वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते, शाळेच्या परिपाठात असते, आकाशवाणीवर असते, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असते, आणि आता तर सकाळी सहाला मोबाईलवर गुलाबाच्या फुलासकट घरपोच येते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले. तेव्हापासून थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आहेत. त्याच चौकोनात बायको दुधाचे खाडे मांडते. थोर माणसाच्या नावाखाली ‘अर्धा लिटर कमी’ असे लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यात कुणाचा अपमान झाला असे मला वाटत नाही. घरात रोज ज्याचा हात लागतो तेच खरे वाङ्मय.

एवढा खप असलेल्या या प्रकारावर समीक्षा म्हणून एक ओळ माझ्या वाचनात नाही. ज्या कवितासंग्रहाच्या प्रती कवीच्या माळ्यावरून खाली उतरल्या नाहीत त्यावर प्रबंध होतात. आणि ज्याने पिढ्यानपिढ्या सकाळचा चहा गोड केला तो दिनविशेष मात्र बिचारा असमीक्षित. तेव्हा हे काम आता मीच करतो.

समीक्षेला नमुना लागतो. माझा नमुना म्हणजे बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, अमरावतीच्या बसची वाट पाहत माणसे उभी असतात त्या जागेजवळ, एका वाचनालयाच्या भिंतीवर टांगलेला काळा फळा. एक निवृत्त गुरुजी गेली कित्येक वर्षे रोज पहाटे त्यावर दिनविशेष लिहितात. जन्म पिवळ्या खडूने, मृत्यू पांढऱ्या खडूने, आणि घटना ज्या रंगाचा तुकडा खिशात शिल्लक असेल त्याने. अक्षर असे की छापखान्याने लाजावे. गुरुजी बोलतात अस्सल वऱ्हाडी आणि लिहितात अस्सल पुणेरी. तोंड ‘मले काय मालूम’ म्हणत असते आणि हात ‘थोर समाजसुधारक यांचे देहावसान’ असे लिहीत असतो.

बडनेऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. बडनेरा हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे जंक्शन. अमरावती इथून दहाएक किलोमीटर आत, फाट्यावर. त्यामुळे लांबून येणारा माणूस आमच्याकडे उतरतो, चहा पितो, अमरावती किती लांब ते विचारतो आणि जातो. जगाचा आमच्या गावाशी संबंध एवढाच. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता आधी गुण. दिनविशेषाची शैली पाहा. क्रियापद नाही, विशेषण एकच, आणि कारण अजिबात नाही. माणूस कशाने मेला, युद्ध कशावरून पेटले, याच्या खोलात हा लेखक शिरत नाही. सगळी अक्कल तो एका शब्दावर खर्च करतो: मरण्याच्या शब्दावर. शास्त्रज्ञाचा मृत्यू होतो, पुढाऱ्याचे निधन होते, समाजसुधारकाचे देहावसान, संताचे महानिर्वाण आणि जुलमी माणसाचा अंत. एका शब्दात इतकी नेमकी समीक्षा करणारा दुसरा समीक्षक मला दाखवा! आमच्या गुरुजींकडे तर याचीही पोटपायरी आहे. माणूस मनातून आवडत असला तर नुसते ‘गेले’ असे लिहितात. ‘गाडगेबाबा गेले.’ २० डिसेंबर १९५६. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर. बाबा अमरावतीकडे निघाले होते. पोचायचे तिथे पोचले नाहीत. वाटेवरच्याच जागेचे नाव इतिहासात राहिले, असे आमच्या भागातले हे एकच उदाहरण.

दुसरा गुण शेजाराचा. दिनविशेष माणसाची जात, पक्ष, गाव, काही विचारत नाही. फक्त तारीख विचारतो आणि नंबर लावतो. १ ऑगस्ट १९२०. त्या दिवशी मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. फळ्यावर या दोन ओळी एकाखाली एक येतात, एक पांढरी, एक पिवळी. एरवी या दोघांची पुस्तके एका फळीवर ठेवताना आपले कपाट जरा कचरते. गुरुजींचा खडू कचरत नाही. २३ फेब्रुवारीचेही तेच. १८७६ साली त्या तारखेला शेंडगावात गाडगेबाबा जन्मले आणि १८७८ साली त्याच तारखेला शेगावात गजानन महाराज प्रकटले. महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचताना, असे भक्त सांगतात. आणि बाबांनी जन्मभर हातात खराटा धरला. एकाने सांडलेले अन्न उचलले, एकाने साचलेली घाण. हे दोघे एका तारखेला शेजारी बसावेत हे कुणा लेखकाला सुचले असते तर आपण त्याला ‘कृत्रिम’ म्हटले असते. दिनविशेषात ते आयते होते आणि कुणी टाळ्याही मागत नाही.

जगाच्या बाबतीतही हा शेजार मजा आणतो. १२ एप्रिल १८६१ ला अमेरिकेत फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि तिथले यादवी युद्ध सुरू झाले. १२ एप्रिल १९६१ ला, बरोबर शंभर वर्षांनी, युरी गागारिन अंतराळात जाऊन आला. २९ फेब्रुवारीला काय लिहावे ही दिनविशेषकारांची मोठी अडचण. ती १८९६ साली मोरारजीभाई देसाई यांनी जन्म घेऊन दूर केली. पुढे १९०० हे साल लीप नव्हते, त्यामुळे मोरारजीभाईंचा पहिला वाढदिवस थेट १९०४ साली, आठव्या वर्षी आला. एवढी काटकसर दुसऱ्या कुठल्या अर्थमंत्र्याला जन्मापासून जमली आहे?

अर्थात शेजार फार जवळचा झाला की घोटाळे होतात. १६ एप्रिलला गुरुजींच्या फळ्यावर दोन ओळी असतात: ‘१८५३ : बोरीबंदर ते ठाणे, भारतातील पहिली प्रवासी आगगाडी’ आणि ‘१८८९ : विनोदी नट चार्ली चॅप्लिन यांचा जन्म’. एका वर्षी बसची वाट पाहणाऱ्या एका गृहस्थांनी फळ्याला पाठ टेकली. बस आल्यावर ते निघून गेले आणि फळ्यावर उरले ते असे: ‘भारतातील पहिली विनोदी नट आगगाडी यांचा जन्म’. स्टेशनच्या गावात हे वाक्य दिवसभर कुणालाही चुकीचे वाटले नाही. चॅप्लिनचे अर्धे नाव पाठीवर घेऊन तो माणूस अमरावतीला गेला, ते निराळेच.

गुण झाले. आता आक्षेप. समीक्षक म्हटल्यावर ते आलेच.

पहिला आक्षेप तारखेवर. दिनविशेषाचा सगळा डोलारा तारखेवर उभा, आणि तारीख ही वस्तू दिसते तितकी गरीब नाही. १५८२ साली पोप ग्रेगरीने पंचांग दुरुस्त केले तेव्हा रोममध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्रजांनी ही दुरुस्ती मानायला १७० वर्षे घेतली; तिकडे १७५२ साली २ सप्टेंबरला झोपलेली माणसे १४ सप्टेंबरला उठली. (त्या महिन्याचे दुधाचे खाडे कसे धरले असतील?) रशियाची तर आणखी मजा. त्यांची प्रख्यात ऑक्टोबर क्रांती दिनविशेषात ७ नोव्हेंबरला सापडते, कारण तेव्हा रशियाचे पंचांग तेरा दिवस मागे चालत होते. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले, असे दिनविशेष मोठ्या गहिवराने सांगतो. पण इंग्लंडचे पंचांग स्पेनच्या दहा दिवस मागे होते. सर्व्हांटिस गेला तरी शेक्सपिअर पुढे दहाएक दिवस चांगला जिवंत होता. दोघांना एका दिवशी मारले ते कॅलेंडरने.

आपल्याकडे तर तारीख आणि तिथी असे दोन संसार एका घरात चाललेले. शिवाजी महाराजांच्या जन्माचेच घ्या. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७, की शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हा वाद विसाव्या शतकात किती वर्षे चालला! त्यात निर्णायक ठरलेल्या पुराव्यांपैकी एक म्हणजे जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली उजेडात आणली, आणि राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली २००१ साली. ही शकावली म्हणजे दुसरे काय हो? कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातला दिनविशेषच. १६१८ पासून १६९७ पर्यंत कोण जन्मले, कोण गेले, कोणता गड कुणी घेतला, याच्या त्रोटक नोंदी. आमच्या गुरुजींसारखेच कुणीतरी, क्रियापदाची उधळपट्टी न करता, तिथी-वार लिहून ठेवत होते. दरबारी कवींनी केलेली वर्णने एका बाजूला राहिली आणि देशमुखांच्या घरची एक ओळ पुढे तीनशे वर्षांनी महाराष्ट्राच्या सुट्ट्यांच्या यादीत जाऊन बसली. दिनविशेषाला हलके वाङ्मय म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

तिथीवाल्यांचा संसार अजून उत्तम चालला आहे. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला फळ्यावर २३ फेब्रुवारी असते, पण शेगावला पायी जाणारी दिंडी माघ वद्य सप्तमी पाहून निघते. ती फळा वाचत नाही. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला गेले. पुण्यतिथी मात्र आश्विन वद्य पंचमीची. त्या दिवशी गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसे एकदम गप्प उभी राहतात. वऱ्हाडातली लाखो माणसे एकाच वेळी गप्प, ही घटनाच मुळात नोंद करण्यासारखी आहे. तिथी पंचांगाची आणि मिनिट घड्याळाचे! माझ्या मते मराठीतला सर्वांत उत्तम दिनविशेष हाच. तो लिहिलेला नाही, त्यात अक्षरही नाही.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि इथे मी जरा घरचा माणूस म्हणून बोलणार आहे. दिनविशेषात गाडी जिथे पोचते त्या गावाचे नाव येते. जिथे बदलते त्या गावाचे येत नाही. २७ डिसेंबर १८९७ ला अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन सुरू झाले. अध्यक्ष सर सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, २७ डिसेंबर १८९८ ला, पापळला पंजाबराव देशमुख जन्मले. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. आमचा हा दिवस असा भरगच्च. पण एक साधा प्रश्न विचारतो. मुंबईकडून म्हणा की नागपूरकडून म्हणा, आगगाडीने आलेले ते सगळे पुढारी अमरावतीला गेले कसे? बडनेऱ्यावरूनच ना? डिसेंबरच्या थंडीत उपरणी सावरत, ट्रंका मोजत ते आमच्याच फलाटावर उतरले असणार, आमच्याच चुलीवरचे गरम पाणी प्याले असणार आणि ‘अमरावती किती लांब?’ हा राष्ट्रीय प्रश्न त्यांनीही विचारला असणार. अधिवेशनाच्या वृत्तान्तात ठराव येतात, भाषणे येतात. हमालाचे नाव येत नाही. इतिहास आमच्याकडे नेहमी असाच येतो. उतरतो आणि गाडी बदलतो.

हे सगळे मी एकदा गुरुजींपुढे मांडले. म्हटले, “गुरुजी, रोज लंडन, पॅरिस, पुणे. बडनेऱ्याचं काहून लिहीत नाही?”

गुरुजी खडूचे टोक भिंतीवर घासत म्हणाले, “मी कुठी नाइ म्हन्तो? तारीख आना भाऊ. तुमी तारीख आनसान, मी लिवतो.”

मी कामाला लागलो. जुन्या गॅझेटियरात बडनेऱ्यावर थोडा मजकूर आहे. हे गाव अहमदनगरच्या एका शाहजादीला आंदण मिळाले होते म्हणून त्याला ‘बडनेरा बीबी’ म्हणत, आणि १८२२ साली राजाराम सुभा नावाच्या माणसाने गाव लुटून काही भाग पाडून टाकला. वा! आंदण आणि लूट, एका गावाच्या चरित्राला आणखी काय हवे? मी धावत फळ्याकडे गेलो.

“तारीख?” गुरुजींनी विचारले.

“१८२२.”

“हे साल झालं. महिना कोनता, दिवस कोनता?”

“तो दिलेला नाही.”

“मंग कसं लिवू? हा दिनविशेष हाय भाऊ, सालविशेष नाइ.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. गावे लुटली जातात तेव्हा तारीख लिहून ठेवणारा माणूस बहुधा लुटणाऱ्यांच्या बाजूला असतो. ज्यांच्या घरांच्या भिंती पडल्या त्यांनी ‘त्या वर्षी’ एवढेच लक्षात ठेवले. ती माणसे गेली तशी ‘त्या वर्षी’ही गेली.

मग मी चांगली पक्की तारीख आणली. १५ ऑगस्ट १९८३. त्या दिवशी अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेऱ्याची स्वतंत्र नगरपालिका तीत विलीन झाली. म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर बडनेऱ्याचे स्वतंत्र खाते बंद झाले. साल, महिना, दिवस, सगळे होते. गुरुजी दोन मिनिटे फळ्याकडे पाहत राहिले.

“तारीख चोख हाय,” ते म्हणाले. “पन पंधरा ऑगस्टले फळ्यावर जागा कुठी हाय?”

हेही खरेच होते. काही तारखा थोरांनी आधीच अडवून ठेवलेल्या असतात. त्या दिवशी लहान माणसाने जन्मू नये, मरू नये आणि लहान गावाने तर विलीन मुळीच होऊ नये.

तिसरा आक्षेप याच्याही पुढचा. ज्यांना तारीखच नाही त्यांचे काय? महाराष्ट्रात एका दिवशी सर्वांत जास्त जन्म कधी झाले, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत विचारला तर उत्तर द्या: १ जून. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला हेडमास्तर जन्मतारीख विचारायचे. बाप म्हणायचा, “पेरनीच्या वक्ताले झालं पोरगं.” मास्तर पोराची उंची पाहायचे, हात डोक्यावरून कानाला लावायला सांगायचे आणि १ जून ठोकून द्यायचे. आमच्या वडिलांचा अर्धा वर्ग १ जूनचा. ही मंडळी पुढे ३१ मेला एकदम निवृत्त व्हायची आणि कचेरीत हारांचा तुटवडा पडायचा. इतक्या माणसांच्या जन्माचा दिवस, आणि १ जूनच्या दिनविशेषात त्याचा उल्लेख नाही.

आमच्या आजीला तर १ जूनही नव्हता, कारण ती शाळेतच गेली नाही. तिचा जन्म ‘मानमोडीच्या आदल्या साली, तान्ह्या पोळ्याले’. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात तो. एका वाक्यात जगाची महामारी आणि लाकडी बैल. तिच्या डोक्यात स्वतःची एक शकावली होती आणि ती आपल्या उलट चालायची. आपण म्हणतो, अमुक ऐतिहासिक घटना घडली तेव्हा आमच्या घरी अमुक झाले. ती म्हणायची, “आपली कपिला व्याली ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी गांधीबाबा गेले.” गांधीजींच्या हत्येची तारीख, ३० जानेवारी १९४८, तिला कुणी सांगितली नव्हती. कपिलाच्या वासरावरून तिने ती पक्की धरून ठेवली होती. त्या रात्री गावात कुणाची चूल पेटली नाही आणि कपिलाचा चीक कुणी खाल्ला नाही, हे ती सांगायची तेव्हा पन्नास वर्षांमागचा तो चीक तिच्या आवाजात अजून तसाच पडलेला असायचा. ही नोंद कुठल्याही फळ्यावर नाही. आजी गेली आणि कपिलाची तारीख कुणालाच काढता येईना. आता गांधीजींवरून कपिलाची काढावी लागते.

तेव्हा समीक्षेचा निष्कर्ष असा. दिनविशेष हे प्रामाणिक वाङ्मय आहे, पण ते दप्तरवाल्यांचे वाङ्मय आहे. जेध्यांच्या घरी कागद होता, जेध्यांची ओळ राहिली. आजीच्या घरी गाय होती. यात दिनविशेष लिहिणाऱ्याचा दोष नाही. तो बिचारा जे लिहिलेले मिळते तेच पुन्हा लिहितो. पण वाचणाऱ्याने एवढे करावे. रोज सकाळी थोरांच्या चार ओळी वाचून झाल्या की खाली दुधाच्या खाड्यांच्या चौकोनात आपल्या घरची एक ओळ तारीखवार लिहावी. ‘विहिरीला पाणी लागले.’ ‘थोरलीचे पत्र आले.’ ‘कापूस अमुक भावाने गेला.’ तीनशे वर्षांनी कुणाला काय उपयोगी पडेल, हे कुणी सांगावे?

कापसावरून आठवले. मघाशी सांगितलेल्या फोर्ट सम्टरच्या तोफांनी वऱ्हाडचे नशीब काही वर्षे फिरवले होते. अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि आमच्या पऱ्हाटीला भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. बडनेऱ्याचे स्टेशन त्याच वाटेवरचे. १६ एप्रिल १८५३ ची पहिली आगगाडी, तिचे चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी, हे सगळे शाळेतल्या पोराला पाठ असते. पण त्या गाडीनंतर अवघ्या पस्तीस दिवसांनी, २१ मे १८५३ ला, काय झाले ते वऱ्हाडातल्या पोरालाही ठाऊक नसते. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे इंग्रजांचे कर्ज थकले होते. त्या कर्जाच्या फेडीसाठी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हाती दिले. मुलूख आमचा, कर्ज हैदराबादचे, सावकार लंडनचा. पुढे ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड ठरवून, इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्यानेच घेतले. पहिल्या गाडीला एकवीस तोफा. वऱ्हाडला एक फटाकाही नाही.

ही तारीख मात्र मी गुरुजींच्या हातावर ठेवली. साल होते, महिना होता, दिवस होता, आणि फळ्याच्या तळाशी वीतभर जागाही निघाली. गेल्या २१ मेला गुरुजींनी तिथे जांभळ्या खडूने, बारीक अक्षरात लिहिले: ‘१८५३ : कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात’.

सकाळची वेळ. बसला अवकाश होता. बँकेच्या कामाला अमरावतीला निघालेला एक शेतकरी, काखेत कागदांची पिशवी धरून, फळ्यापुढे उभा राहिला. वरच्या ओळी त्याने सोडून दिल्या. खालची ओळ बोट लावून, एकेक अक्षर जुळवत वाचली. मग गुरुजींकडे वळून म्हणाला, “म्हंजे गहाण टाकलं म्हना ना वऱ्हाड.”

“हो. तसंच.”

“मंग थे गहाण सुटलं कधी?”

गुरुजींनी खडू खिशात टाकला, हात झटकले. “थ्याची तारीख भेटली का लिवतो, भाऊ,” ते म्हणाले.